जुनं सील आधी टेबलावर

सकाळी ७:३०

शटर वर गेलं की पहिलं काम जुळणीचं टेबल पुसण्याचं. शिरोली एमआयडीसीत आमच्या आजूबाजूला फौंड्र्या आहेत. रात्रभरात त्यांची काळी वाळू खिडकीच्या फटीतून आत येते नि टेबलावर बसते. झाडू मारला तर उडून पुन्हा तिथंच, म्हणून ओलं फडकं. कॉटन वेस्टला या टेबलाजवळ जागा नाही. त्याचा एखादा दोरा सीलच्या ओठाखाली राहिला तर २०० बारच्या तेलाला तेवढी वाट पुरते. ग्राइंडर भिंतीपलीकडे, वेल्डिंग त्याच्याही पलीकडे.

आयटीआय करून नुकताच आलेला पोरगा कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडतो. जानेवारीची थंडी आहे, तरी हवेतलं पाणी टाकीत उतरतंच. पावसाळ्यात तर खाली बादली लावावी लागते. हे पाणी वेळेवर काढलं नाही, तर ते पुढं जाऊन हवेच्या सिलिंडरमधलं ग्रीस धुऊन टाकतं.

८:३०

"दादा, लोडर वर उचलून ठेवला की तासाभरात जमिनीला टेकतोय. सील गेलंय. किट टाका आणि संध्याकाळपर्यंत द्या." खडीच्या खाणीवर मशीन चालवणारा मालक दारातूनच सांगतो. ऑपरेटर मशीन यार्डात आणून उभं करतो.

लोड खाली बसतो म्हणजे पिस्टन सील गेलं, हे आमच्या धंद्यात इतकं पक्कं धरून चाललेलं असतं की मशीनवर न तपासता सिलिंडर उतरवून आणणारे रोज भेटतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते मी येणाऱ्या प्रत्येकाला समजावतो, त्यात पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

समजा पिस्टनवर सीलच नाही. सिलिंडर तेलानं पूर्ण भरलेला आहे, दोन्ही तोंडं घट्ट बंद आहेत आणि रॉडवर वरून वजन आहे. रॉड आत जाईल का? पिस्टनखालचं तेल वर सरकायला मोकळं आहे, पण वरच्या बाजूला रॉडनं जागा अडवलेली. रॉड जितका आत येईल तितकं तेल कुठं तरी बाहेर जायला हवं, आणि बाहेर जायला तर वाट नाही. तेल जवळजवळ दबत नाही. म्हणजे रॉड थोडासा बसेल आणि थांबेल. फरक पडतो तो दाबात. १०० मिलिमीटर बोअर आणि ५६ मिलिमीटर रॉड धरा. पिस्टनचं क्षेत्र साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, रॉडचं साडेचोवीसच्या आसपास. ४ टन वजन पिस्टन पेलत होता तेव्हा दाब होता चौरस सेंटिमीटरला ५१ किलो. आता तेच वजन एकट्या रॉडच्या क्षेत्रफळावर आलं, दाब झाला १६० च्या वर. ग्लँडचं सील, होज, व्हॉल्व्ह, सगळ्यांवर तिप्पट ताण. त्यातला जो कच्चा असेल तिथून तेल निघणार, आणि मग लोड बसणार. म्हणजे ढकलून धरलेला लोड तासाभरात जमिनीला टेकत असेल तर तेलाला सिलिंडरच्या बाहेर कुठं तरी वाट मिळालेली आहे. एकट्या पिस्टन सीलवर खापर फोडून भागत नाही. लोड रॉडला ओढत असेल तेव्हा हिशेब वेगळा. तिथं रॉड बाहेर सरकायला जागा असते.

मालक ऐकून घेतो. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळत नाही.

तपासणी साधी आहे. लोडर पूर्ण वर, रॉड स्ट्रोकच्या टोकापर्यंत बाहेर, आणि सगळ्यात आधी हाताखाली सेफ्टी स्ट्रट. स्ट्रट लावल्याशिवाय त्या हातांखाली आमच्याकडं कुणी वाकत नाही. मग रॉडच्या बाजूची होज सोडायची, तिचं तोंड प्लगनं बंद करायचं आणि पिस्टनच्या बाजूला दाब द्यायचा. सोडलेल्या पोर्टातून आधीचं थोडं तेल येतं आणि थांबतं. थांबलं नाही, तर ते पिस्टनवरून ओलांडून येतंय. उजवा सिलिंडर थांबला. डाव्यातून करंगळीएवढी धार येतच राहिली.

"बघा, सीलच की," मालक म्हणतो.

"डाव्याचं गेलंय. पण बाहेर जाणारं तेल कुठून जातंय ते अजून सापडायचंय," मी म्हणतो. डावा उतरवून घेतला.

९:४५

हुक पाना लावून ग्लँड सैल केली. घट्ट होती, पाइप लावावा लागला. रॉड सरळ ओढून काढायचा, तिरका झाला तर बोअरला ओरखडा पडतो. पिस्टन टेबलावर आला की पोरगं सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलतं आणि सील कापायला जातं. त्याला थांबवलं. आधी पिस्टनवर पांढऱ्या मार्करनं खूण, तळाची बाजू कुठली आणि रॉडची कुठली. वरची बाजू कुठली, खालची कुठली, तीही खूण. मग सील, एकेक भाग, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं ट्रेमध्ये.

हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. किट बदलणारा मेकॅनिक दर चौकात मिळतो. जुनं सील काढतो, कचऱ्यात टाकतो, नवं घालतो, पैसे घेतो. चार महिन्यांनी तेच मशीन तेच दुखणं घेऊन उभं. सील आपण होऊन क्वचितच मरतं. त्याला कुणी तरी मारलेलं असतं, आणि कुणी मारलं ते त्याच्या अंगावर उमटलेलं असतं.

या पिस्टनवर पाच तुकड्यांचं सील होतं. मधोमध काळ्या रबराचा पट्टा, त्याच्या दोन अंगांना टणक बॅकअप रिंगा, त्यांच्या बाहेर प्लॅस्टिकच्या गाइड रिंगा. भिंग घेऊन बसलो. वरच्या बाजूची गाइड रिंग बोट फिरवलं तरी कळेल इतकी पातळ झालेली; खालच्या बाजूला तीच रिंग जवळपास नव्यासारखी. जिथं ती पातळ, बरोबर त्याच्या समोरच्या अंगाला बॅकअप रिंगेची कड बाहेर पिळून निघालेली, कागदासारखी पातळ, आणि जागोजागी कुरतडलेली. रबराला तिथं लहान लहान तुकडे निघाल्याचे खड्डे. उरलेल्या घेरात रबर चांगलं. दाबलं की परत येतं, भेगा नाहीत. म्हणजे तेल तापून रबर कडक झालेलं नाही. उभे ओरखडेही नाहीत, म्हणजे घाण तेलाचा दोष नाही. काळे जळके ठिपके नाहीत, ते असते तर तेलात हवा शिरल्याचा संशय घेतला असता. हवेचे बुडबुडे एकदम दाबले गेले की इतके तापतात की तेलाच्या वाफेसकट पेट घेतात आणि सीलची कड भाजते.

एकाच अंगाला झीज याचा अर्थ पिस्टन एका बाजूला रेटला जात होता. गाइड रिंग झिजली, पिस्टन तिकडं कलला, समोरच्या अंगाची फट वाढली. फट मिलिमीटरच्या दोन-चार दशांशांनी वाढली तरी २०० बारचा दाब रबराला त्या फटीत कोंबतो. पिस्टन मागं-पुढं होतो तसा तो भाग चावला जातो.

आणि पिस्टन रेटला का जात होता? सिलिंडरच्या डोळ्यातला बुश बघितला. लांबट झालेला. पिन घातली तर लटपटते.

मालकाला बोलावून दाखवलं.

"पिन-बुशचा सीलशी काय संबंध, दादा? ग्रीस मारतोय की पोरगा."

मी त्याच्या हातात झिजलेली गाइड रिंग दिली, दोन बोटांत धरून फिरवायला सांगितली. एक फेरा झाला, दुसरा झाला. पातळ जागा बोटाला लागली. मग त्यानं वाकून डोळ्यातली पिन हलवून बघितली आणि टर्नरला विचारलं, "बुश कधी होईल?"

११:००

बोअर. आत टॉर्च मारून बघणं ही सुरुवात. खरं सांगतं ते बोअर गेज. तोंडापाशी, मध्ये, तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. मध्यभागी किंचित अंडाकृती निघाला, पण बदलण्याइतका नाही. होनिंग केलं. बोअरचा खडबडीतपणा साधारण ०.१ ते ०.४ मायक्रॉनच्या दरम्यान हवा. खरखरीत असला तर सील किसलं जाईल, आणि अगदी काचेसारखा गुळगुळीत केला तर त्यावर तेलाचा पापुद्रा टिकत नाही, सील कोरडं घासतं. होनिंगचे एकमेकांना छेदणारे बारीक चरे तेल धरून ठेवतात.

होनिंगनंतर धुणं, पुसणं, पुन्हा धुणं. पांढरं कापड फिरवायचं. ते काळं येत असेल तर काम झालेलं नाही.

११:४५

सीलची निवड. कपाटाचे खण अंधारात आहेत, मुद्दाम. ऊन आणि ओझोन रबराला भेगा पाडतात, आणि ओझोन तर चालू मोटरच्या ठिणग्यांतूनही तयार होतो. बाजारात कित्येक दुकानांत ओ-रिंगा खिळ्याला माळेसारख्या टांगलेल्या दिसतात. स्वतःच्या वजनानं त्या तिथंच लांबट होतात. मला ते बघवत नाही.

पोरगा जुन्या सीलला व्हर्नियर लावतो. जुनं सील फुगलेलं असतं किंवा आकसलेलं, त्याचं माप कशाला? माप खाचेचं घ्यायचं. बोअर, खाचेचा तळ, खाचेची रुंदी. त्यानं विचारलं, खाच ओ-रिंगेपेक्षा रुंद का ठेवतात, घट्ट का नाही? चांगला प्रश्न. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सननं १९३७ मध्ये ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या शोधाचा गाभा हाच होता. गोल कडं तर कुणीही केलं असतं. कडं जाड असेल त्याच्या साधारण दीडपट लांबीची खाच ठेवली तर ते टिकतं, हे त्यानं प्रयोग करून काढलं. जागा असेल तर रबर सरकतं, तेलाचा दाब त्याला एका भिंतीशी दाबून धरतो आणि जितका दाब जास्त तितकं ते घट्ट बसतं. खाच गच्च भरली तर रबराला हलायला वावच नाही. रबर दबत नाही, फक्त आकार बदलतं.

मग पदार्थ. नायट्राइल रबर खनिज तेलात उत्तम, साधारण शंभर अंशांपर्यंत. पॉलियुरेथेन झिजेला फार चिवट, पण गरम पाण्यात ते आतून कुजत जातं, हाताला चिकट लागतं. व्हिटन दोनशे अंशांपर्यंत जातं, महाग आहे. ईपीडीएम ब्रेक ऑइलमध्ये छान, आणि खनिज तेलात टाकलं की फुगून निकामी. घोळ असा की नायट्राइल आणि ईपीडीएम दोन्ही काळी, हातात घेऊन डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. म्हणून आमच्या खणातली पाकिटं फुटली तर त्यातल्या रिंगा मी वापरू देत नाही. चार रुपयांची रिंग वाचवून मशीन बंद पाडण्यात काय हशील?

१:१५

जेवणं. टर्नर डबा संपवून बुश फिरवायला लगेच लेथवर.

पोरगा विचारतो, यू-सीलचा ओठ तेलाकडं तोंड करूनच का बसवायचा? त्याला सायकलचा पंप आठवायला सांगितला. त्यातला चामड्याचा वायसर वाटीसारखा असतो, तोंड हवेच्या दाबाकडं. दाब वाटीत शिरतो, कडा पसरतात, नळीला चिकटतात. उलटा बसवला तर हवा सुसाट निघून जाते. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की पाणी गळायचं. त्यावर दाबानं स्वतःच घट्ट होणारी चामड्याची कडी काढली, तिचं श्रेय त्याच्याकडं काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. पुढं दोन शतकांत चामडं गेलं, रबर आलं, पॉलियुरेथेन आलं, ओठाची युक्ती तीच राहिली. आपल्या हातपंपातही तीच. जालना पंप आणि सोलापूर पंप इथं महाराष्ट्रात घडले. सोलापूर पंपावरून पुढं इंडिया मार्क टू आला आणि देशभर गावोगाव बसला. त्याच्या सिलिंडरमध्येही आधी चामड्याचे वायसर होते, नंतर नायट्राइल रबराचे आले, कारण वायसर झिजला की गावचं पाणी बंद.

२:००

जुळणी. दिवसातलं सगळ्यात शांतपणे करायचं काम. फोन टेबलावर नको.

पिस्टनच्या खाचेच्या कडा बोटांनी चाचपायच्या, कुठं धार लागली तर बारीक पॉलिश पेपर. ग्लँडच्या आट्यांवरून सील ओढून न्यायचं असेल तर आट्यांवर आधी टेप गुंडाळायची. बोअरच्या आतला पोर्टचा छेद सगळ्यात धोक्याचा. पिस्टन आत ढकलताना सील त्या छेदावरून जातं तेव्हा किंचित बाहेर डोकावतं, आणि छेदाची कड धारदार असेल तर सुरीनं कापल्यासारखं कापलं जातं. असं कापलेलं नवं सील पहिल्याच दिवशी गळतं आणि दोष सील बनवणाऱ्याला लागतो.

अखंड पॉलियुरेथेनचं सील थंड असताना ताणलं जात नाही. गरम तेलात, साधारण ऐंशी अंशांत, काही मिनिटं ठेवलं की मऊ पडतं. बाहेर काढायचं आणि थंड व्हायच्या आत खाचेत. टेफ्लॉनची रिंग असेल तर ती ताणल्यावर आपण होऊन परत आकसत नाही, तिला शंकूच्या तोंडाच्या स्लीव्हमधून दाबून मापावर आणावी लागते. आजचं पाच तुकड्यांचं होतं, म्हणून सोपं गेलं. रबर आधी, मग बॅकअप, मग गाइड. गाइड रिंगांच्या चिरा एकमेकींसमोर येऊ द्यायच्या नाहीत. पोरग्यानं सगळं बसवलं. मी फक्त बोट फिरवून बघितलं, कुठं पीळ राहिला का.

३:३०

शेजारच्या फौंड्रीतून माणूस आला. मोल्डिंग मशीनचा हवेचा सिलिंडर, १०० मिलिमीटर बोअर. ६ बारला हा साधारण ४८० किलो रेटतो. तक्रार: अडकत अडकत चालतो, थांबतो, एकदम उडी मारतो.

हवेच्या सिलिंडरच्या सीलचा ओठ हातात घेऊन बघितला तर तो हायड्रॉलिकपेक्षा मऊ आणि कडेला गोलसर असतो. धारदार ओठ ग्रीस खरवडून काढेल. इथं तेलाचा पुरवठा सतत नसतो, बसवताना लावलेलं ग्रीस हाच आयुष्यभराचा शिधा, आणि ओठानं त्यावरून सरकत जायचं असतं. या सिलिंडरात ग्रीस उरलंच नव्हतं. आत पाणी, पाण्यात वाळू. रॉडचा वायपर फाटलेला, वाळू तिथूनच आत गेली असणार. ल्युब्रिकेटरमध्ये पूर्वी तेल घालायचे, मध्येच बंद केलं, असं त्या माणसानं सांगितलं. हेही एक कारण. एकदा तेल द्यायला सुरुवात केली की त्यानं मूळचं ग्रीस धुतलं जातं, मग तेल देत राहावंच लागतं.

हवेच्या गळतीचं मला जास्त वाईट वाटतं. तेल गळलं तर जमिनीवर डाग पडतो, मालक ओरडतो. पिस्टन सीलवरून हवा गळली तर व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून बारीक फुसफुस येते, आणि फौंड्रीच्या आवाजात ती कुणाला ऐकू येणार? कॉम्प्रेसर रात्रंदिवस तिच्यासाठी चालतो आणि वीजबिलात ती कुठंच वेगळी दिसत नाही. दोन्ही सील, वायपर, नवं ग्रीस दिलं. बरोबर निरोप दिला, फिल्टरचा वाडगा रोज सकाळी रिकामा करायचा.

५:००

टेस्ट बेंच. डाव्या सिलिंडरला आधी कमी दाबानं सावकाश पाच-सहा वेळा आत-बाहेर. आतली हवा निघून जायला हवी; घाई करून एकदम दाब दिला तर नवं सील बेंचवरच भाजेल. मग कामाच्या दाबाच्या दीडपट. म्हणजे २०० बारवर चालणारा सिलिंडर ३०० बारला धरून ठेवायचा, एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. काटा स्थिर राहिला. रॉड बाहेर आला तेव्हा त्यावर बोट ओलसर व्हावं इतपत पापुद्रा होता, थेंब नव्हता. असंच हवं. रॉड ठणठणीत कोरडा असेल तर ग्लँडचं सील लवकर जाईल.

रॉडला बोट लावलं ते दाब पूर्ण सोडल्यावर. दाब असताना गळती हातानं शोधायची नाही, हे पोरग्याला मी रोज सांगतो आणि सांगत राहणार. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीखाली घुसते. बाहेरून लाल ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, माणूस घरी जातो, आणि आत हात सडायला लागतो. बोटं जातात, हात जातो. पुठ्ठा धरून गळती शोधायची. आणि तेल घुसल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी दवाखाना, तिथं डॉक्टरांना "दाबाखालचं तेल आत गेलंय" हे शब्द सांगायचे.

६:१५

नवा बुश दाबून बसवला, सिलिंडर मशीनवर चढवला. लोडर उचलला, चावी बंद. बकेटच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपनं माप घेतलं, सगळ्यांना लांब उभं केलं.

दहा मिनिटांनी पुन्हा माप. पूर्वीसारखा भराभर उतरत नव्हता, पण पंधरा मिलिमीटर खाली आलाच होता.

मालकाचा चेहरा पडला. "मग काय उपयोग झाला?"

उपयोग झाला. सकाळी तेलाला दोन वाटा होत्या, आता एक राहिली. डाव्यात पिस्टनवरून तेल ओलांडत होतं म्हणून दाब चढत होता, आणि चढलेला दाब त्याला दुसऱ्या वाटेनं बाहेर रेटत होता. ती दुसरी वाट म्हणजे व्हॉल्व्हचा स्पूल. स्पूलच्या पट्ट्यांवर रबर नसतं, लोखंड लोखंडात सरकतं, मध्ये काही मायक्रॉनची फट. तिथून कणभर तेल नव्या मशीनमध्येही जातं. खाणीच्या धुळीनं भरलेल्या तेलात वर्षानुवर्षं चालल्यावर ती फट वाढते. तिथं किट टाकून भागणार नाही. स्पूल आणि त्याचं घर दोन्ही मोजावी लागतील.

"आज चालवू का?"

"चालवा, पण उचललेल्या बकेटखाली कुणी जायचं नाही, आणि रात्री लोडर जमिनीवर टेकवूनच ठेवायचा. उद्या दुपारी व्हॉल्व्ह उघडतो. तेल आणि फिल्टर बदलायची तयारी ठेवा. उजव्या बाजूचा बुशही मोजायला हवा."

त्यानं खिशातून डायरी काढली आणि तेलाचे लिटर विचारून लिहून घेतले. ऑपरेटरला म्हणाला, "उजवीकडची पिन हलवून बघ रे आत्ता." ऑपरेटर टॉमी घेऊन मशीनकडं गेला.